भिंतीवरचं अर्धं वचन

जुन्या मिशन कंपाउंडच्या भिंतीवर किंवा घाटातल्या एखाद्या खडकावर ऑइलपेंटनं रंगवलेलं एक वाक्य तुम्ही येता-जाता वाचलं असेल: ‘पापाचे वेतन मरण आहे.’ गाडीच्या खिडकीतून तेवढंच दिसतं आणि तेवढंच डोक्यात राहतं. ख्रिस्ती लोक माणसाला जन्मजात पापी समजतात, वर बसलेला देव शिक्षा ठोठावतो आणि वाचायचं असेल तर बाप्तिस्मा घ्यावा लागतो, असा सरळ हिशेब त्यातून निघतो. मी ख्रिस्ती घरात वाढलो. तरीही ‘तुमच्यात सगळेच पापी असतात ना रे?’ असं शाळेत मित्रांनी विचारलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

हे वाक्य येशूचा प्रेषित पौल यानं रोमकरांना, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रातलं आहे, सहाव्या अध्यायातलं तेविसावं वचन. भिंतीवर असतो तो त्याचा पहिला अर्धा भाग. उरलेल्या भागात पौल म्हणतो, देवाचं कृपादान मात्र ख्रिस्तामध्ये सार्वकालिक जीवन आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘वेतन’ या जागी जो शब्द आहे, तो शिपायाला मिळणाऱ्या पगाराचा, शिध्याचा आहे. म्हणजे पाप इथे एखाद्या सरदारासारखं आहे. त्याच्या चाकरीत राहिलात तर महिनाअखेर तो जे हातावर ठेवील ते मरण. देव मात्र पगार देतच नाही. तो देतो ते दान, आणि दान कमावता येत नाही. रंगाऱ्याला भिंत पुरली नाही म्हणून की काय, वाचणाऱ्याच्या वाट्याला नेमकं पगाराचं वाक्य आलं आणि दानाचं राहून गेलं.

दुसरी अडचण मराठीतच आहे. पाप, आत्मा, कृपा, नवा जन्म हे शब्द आपल्याला लहानपणापासून माहीत असतात, म्हणून ख्रिस्ती माणूस ते वापरतो तेव्हा अर्थही माहीत आहे असं वाटतं. हा गोंधळ जुनाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (जेझुइट हा कॅथलिकांचा एक धर्मसंघ) १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. आदामापासूनची कथा मराठी ओवीत सांगताना स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला तो कचरला नाही. शब्द इथले घ्यायचे आणि त्यांत नवा अर्थ भरायचा, हे काम तेव्हापासून चालू आहे. कधी अर्थ नीट भरला गेला, कधी जुनाच अर्थ वर तरंगत राहिला.

सुरुवात पापापासून करायची नसते, ही पहिली गोष्ट. बायबलही तिथून सुरू होत नाही. उत्पत्ती या त्याच्या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवतो, नर आणि नारी दोघांनाही. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. पण इजिप्त आणि बॅबिलोनच्या त्या जगात ‘देवाची प्रतिमा’ ही पदवी राजाची होती. उत्पत्तीत ती सगळ्यांना दिलेली आहे, गुलामालाही आणि बाईलाही. दुसऱ्या अध्यायात तोच माणूस मातीचा आहे. हिब्रूमध्ये माती म्हणजे ‘अदामा’ आणि माणूस म्हणजे ‘आदाम’, तेव्हा आदाम हे नावच मुळात ‘मातकट’ असं काहीसं आहे. देव त्या मातीच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत होतो.

इथे ‘आत्मा’ या शब्दाची गाठ सोडवून घ्यायला हवी. देह म्हणजे जुनं वस्त्र आणि आत्मा ते बदलत जाणारा, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की बायबल वाचतानाही आपण तेच वाचतो. हिब्रू गोष्टीत मात्र माणसाच्या आत एखादा अविनाशी अंश आणून ठेवलेला नाही. माती आणि श्वास मिळून जो होतो, तो अख्खा जीव म्हणजे माणूस. म्हणून ख्रिस्ती आशाही देहातून सुटण्याची नाही. चर्चमध्ये उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारात, म्हणजे ‘मी अमुक मानतो’ अशा कबुलीत, ‘शरीराचे पुनरुत्थान’ असे शब्द आहेत. ते ऐकून अनेकांना, अगदी ख्रिस्ती लोकांनाही, अवघडल्यासारखं होतं. पण मातीला ‘चांगलं’ म्हणणारा देव शेवटी माती टाकून देईल तर त्या पहिल्या अध्यायाला अर्थ राहत नाही.

प्रतिमेबद्दलची एक जुनी खूण मला फार आवडते. कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यावा की नाही, असा पेच येशूला घातला गेला तेव्हा त्यानं नाणं मागवलं आणि विचारलं, यावर मुद्रा कोणाची? कैसराची. मग कैसराचं कैसराला द्या आणि देवाचं देवाला. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं यातला न बोललेला भाग उघड केला: नाण्यावर कैसराची मुद्रा आहे म्हणून नाणं त्याला, माणसावर देवाची मुद्रा आहे म्हणून माणूस देवाला. नाणं झिजतं, चिकटतं, गटारात पडतं. तरी ते खोटं होत नाही.

आता पाप. हिब्रूतल्या ज्या क्रियापदावरून हा शब्द येतो, त्याचा साधा अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. बायबलमधल्या शास्ते नावाच्या पुस्तकात बन्यामीन वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसावरही गोफणीचा धोंडा मारतील आणि नेम चुकणार नाही, असे ते होते. तिथे ‘चुकणार नाही’साठी जे क्रियापद आहे, तेच इतरत्र ‘पाप करणे’ म्हणून येतं. ग्रीक शब्दाचीही मुळातली छटा हीच. ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून ज्यानं गोफण फिरवली आहे, त्याला यातली मेख लगेच कळेल. धोंडा पाखरावर न बसता शेजाऱ्याच्या कौलावर पडतो, तेव्हा जोर कमी पडलेला नसतो. जोर भरपूर असतो, दिशा चुकलेली असते.

आपल्या ‘पाप-पुण्य’ या जोडीत मात्र खातेवही आहे. डाव्या बाजूला पाप, उजव्या बाजूला पुण्य, खाली बाकी. ख्रिस्ती विचारातलं पाप एकेका नोंदीपेक्षा त्या नोंदी करणाऱ्या हाताबद्दल बोलतं. हात कुठे वळलेला आहे? प्रोटेस्टंट सुधारणेचा जनक मार्टिन लूथर यानं १५१५-१६ मध्ये रोमकरांच्या पत्रावर व्याख्यानं देताना माणसाचं वर्णन ‘स्वतःतच वाकलेला’ असं केलं. पाठीला बाक आलेला माणूस फक्त स्वतःचे पाय बघू शकतो, तसं. अशा माणसाचं पुण्यही तिकडेच वळतं. देवळाच्या पायरीवर, चर्चच्या बाकावर, संगमरवरी पाटीवर कोरलेली देणगीदारांची नावं आठवा.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फळ खाल्ल्याची गोष्ट आहे. (ते सफरचंद होतं असं बायबलमध्ये कुठेही नाही. लॅटिनमध्ये ‘वाईट’ आणि ‘सफरचंद’ हे शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि नंतरच्या चित्रकारांनी ते पक्कं करून टाकलं.) पण फळाइतकंच त्यानंतरचं वागणं बघण्यासारखं आहे. दोघं झाडांमागे लपतात. देव विचारतो, ‘तू कोठे आहेस?’ आणि आदाम म्हणतो, तू मला जी बाई दिलीस, तिनं दिलं. एका वाक्यात बायकोवर आणि देवावर, दोघांवर ढकलून मोकळा! बाई सापाकडे बोट दाखवते. लाज, लपणं आणि दुसऱ्याकडे बोट. कोणत्याही घरात दुधाचं पातेलं उतू गेल्यानंतरची पाच मिनिटं ऐकली तर हा अध्याय पुन्हा वाचावा लागत नाही.

ऑगस्टिन या जुन्या धर्मपंडितानं हीच गोष्ट स्वतःच्या आयुष्यात शोधली. तो उत्तर आफ्रिकेतल्या थागास्तेचा, जन्म ३५४ चा. सोळाव्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाचे पेअर चोरले. भूक नव्हती, घरी याहून चांगले पेअर होते, आणि चोरलेले बहुतेक डुकरांपुढे टाकले. बिशप झाल्यावर लिहिलेल्या आत्मकथनात तो या चोरीवर पानंच्या पानं खर्च करतो, आणि वाचणाऱ्याला आधी हसू येतं. कैऱ्या पाडल्या नाहीत असं बालपण कुणाचं असतं? पण तो ज्याला चिकटून बसतो तो प्रश्न बोचरा आहे: मला फळ नको होतं, मग नेमकं काय हवं होतं? एकटा असतो तर मी हे केलं नसतं, असंही तो कबूल करतो. टोळक्यात माणूस काय करू शकतो, हे समजायला आजचे व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसे आहेत.

पण हे वाकलेपण आलं कुठून? इथे ख्रिस्ती विचारातलं सगळ्यात गाजलेलं भांडण सुरू होतं. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस हा तपस्वी वृत्तीचा, शिस्तीचा माणूस. रोममधल्या ख्रिस्ती लोकांचं सुखासीन वागणं त्याला खटकायचं. ऑगस्टिनची एक प्रार्थना त्याच्या कानावर आली: ‘तू जी आज्ञा करतोस ते करण्याचं बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर.’ पेलागियस भडकला. बळ देवानंच द्यायचं असेल तर माणूस हात बांधून बसेल. त्याचं म्हणणं साधं होतं. देव आज्ञा करतो, याचाच अर्थ माणसाला ती पाळता येते. आदामानं वाईट उदाहरण घालून दिलं, एवढंच. प्रत्येक मूल कोरी पाटी घेऊन येतं.

खरं सांगायचं तर आज रस्त्यावरच्या दहा जणांना विचारलं तर नऊ जण पेलागियसच्या बाजूनं बोलतील, आणि त्यांत ख्रिस्तीही असतील. ‘मनात आणलं तर काय अशक्य आहे’ हे आपल्या शाळांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. ऑगस्टिनला मात्र मनात आणण्याचाच अनुभव होता. त्यानं अनेकदा मनात आणलं होतं आणि मनच ऐकत नव्हतं. हाताला हल म्हटलं की हात हलतो, पण मनानं मनालाच हुकूम दिला तर मन हटून बसतं, असं तो लिहितो. त्यानं एक तान्हं बाळ पाहिलं होतं. बोलता येत नव्हतं, पण दुसरं बाळ अंगावर पिताना पाहून हे मत्सरानं पांढरंफटक पडायचं. पाटी कोरी कुठे आहे?

४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसचं मत नाकारलं. पाश्चात्त्य चर्च ऑगस्टिनच्या मागे गेलं आणि ‘मूळ पाप’ हा सिद्धान्त घट्ट झाला. त्यात एका भाषांतराचाही हात आहे. रोमकरांच्या पत्रात पाचव्या अध्यायात पौल म्हणतो, एका माणसाच्या द्वारे मरण आलं आणि ते सर्वांवर पसरलं, ‘कारण सर्वांनी पाप केलं’. ऑगस्टिन जे लॅटिन वाचत होता त्यात या जागी ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ असं होतं, म्हणजे आपण सगळे आदामाच्या पोटात असतानाच दोषी. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला हा अर्थ कधी पटला नाही. त्यांच्या मते आदामाकडून आपल्याकडे दोष येत नाही. मरण येतं, अशक्तपणा येतो. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर बसलं, असं पश्चिमेकडे म्हणतात. पूर्वेकडचे म्हणतात की घरात रोग होता आणि मूल त्याच घरात जन्मलं. एकीकडे येशू आधी कर्ज फेडणारा दिसतो, दुसरीकडे आधी वैद्य. मला व्यक्तिशः दुसरं चित्र जास्त खरं वाटतं, पण पहिल्याशिवाय अपराधाच्या भावनेचं काय करायचं ते कळत नाही.

कृपा आणि प्रयत्न यांचं हे भांडण आपल्याला परकं नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय आहेत. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून बसतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच मानगुटीला धरून उचलते. पेलागियसला या दोन्हींत जागा नाही. त्याचं पिल्लू स्वतःच झाडावर चढतं. ऑगस्टिन मांजरीकडचा, ऑर्थोडॉक्स साधू बरेचसे माकडाकडचे. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, त्यामागेही कृपेची ही ओळख असावी.

‘सर्वथा भ्रष्ट’ हा शब्दप्रयोगही असाच बदनाम आहे. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेत तो वापरतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, माणसात चांगलं काहीच नाही असं म्हणायचं आहे. अर्थ तो नाही. दुधात मिठाचा खडा पडला तर दूध दूधच राहतं, पण ज्यात मीठ नाही असा एकही घोट त्यात सापडत नाही. बुद्धी, भावना, इच्छा, धार्मिकता, सगळ्यांना तो स्पर्श झालेला आहे, एवढंच म्हणणं आहे. धार्मिकतेलाही, हे विसरायचं नाही.

आणखी एक गैरसमज देहाबद्दलचा. पौल ‘देह विरुद्ध आत्मा’ असं बोलतो, आणि त्यावरून ख्रिस्ती धर्म शरीराला, विशेषतः कामवासनेला, शत्रू मानतो असं समजलं जातं. ख्रिस्ती लोकांनीच हा समज भरपूर जोपासला, यात शंका नाही. पण पौलानंच लिहिलेल्या गलतीकरांच्या पत्रातली ‘देहाच्या कर्मांची’ यादी काढून बघा. पंधरा गोष्टी आहेत. जारकर्म, दारूबाजी आहेत, आणि मधोमध सलग आठ अशा: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. पक्षभेद करायला शरीर कुठे लागतं? पौलाचा ‘देह’ म्हणजे देवाला वगळून, स्वतःच्याच बळावर चाललेलं आख्खं जगणं. उपास करणारा, ब्रह्मचारी, सोवळा माणूस पौलाच्या अर्थानं पुरता देहाधीन असू शकतो.

तर मग बदल होतो कसा? निकदेम नावाचा एक वयस्क पंडित रात्री येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो, नव्यानं जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसणार नाही. निकदेम विचारतो, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाईल? ग्रीक शब्दाचे दोन अर्थ आहेत, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. येशू बोलतो ‘वरून’, निकदेम ऐकतो ‘पुन्हा’. मराठीत हा गोंधळ दुप्पट होतो, कारण आपल्याला लगेच पुनर्जन्म आठवतो. इथे जन्म याच आयुष्यात आहे, आणि जन्म हा शब्द नेमका यासाठी की कुणीही स्वतःला जन्म देत नाही.

जन्म एका क्षणात होतो की वर्षं लागतात? याचं उत्तर मला सिद्धान्तात मिळालं नाही, पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात मिळालं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटिज इथे त्यांचा आणि त्यांची लहानगी मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. पुराणं, शास्त्रं, संस्कृत सगळं पचवलेली ही बाई बाप्तिस्म्यानंतर गप्प बसली नाही. तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घातले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून कष्टानं मान काढली ती दुसऱ्याच्या जोखडात घालायला नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. भारतात परतल्यावर १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, विधवांसाठी झटल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हे ख्रिस्ती जीवन पुरेसं वाटलं असतं. त्यांना वाटलं नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी एका इंग्रज पाद्र्याची आत्मकथा त्यांच्या वाचनात आली. तो पाद्री बरीच सेवा करून झाल्यावर, स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता बदलला होता. रमाबाईंना धक्का बसला तो इथे: पाद्री होऊनही माणूस दाराबाहेर असू शकतो.

या आठ वर्षांत रमाबाई दांभिक होत्या का? मुळीच नाही. त्या प्रामाणिकपणे कमावत होत्या, आणि अडचण कमावण्यातच होती. भिंतीवरच्या वचनाचं उरलेलं अर्धं त्यांना तेव्हा वाचता आलं. त्यानंतर हात गळून बसल्या असंही झालं नाही. केडगावचं मुक्ती सदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर, हे सगळं नंतरचं. कृपेनं माणूस आळशी होतो, या पेलागियसच्या धास्तीला केडगावइतकं चांगलं उत्तर मला माहीत नाही.

ख्रिस्ती परंपरेत या वाढीला ‘पवित्रीकरण’ म्हणतात. शब्द जड आहे, मूळ चित्र द्राक्षवेलीचं आहे. येशू म्हणतो, मी वेल, तुम्ही फांद्या, आणि पिता माळी. फळ देणारी फांदी तो छाटतो. आपल्याकडे हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. नाशिककडचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. परक्या माणसाला छाटलेली बाग पाहून कुणी सूड उगवलाय असं वाटेल. काडी वाळलेली म्हणून कापत नाहीत. जिवंत असते म्हणूनच कापतात. पौलानंही ‘देहाची कर्मे’ अनेकवचनी लिहिली आणि ‘आत्म्याचे फळ’ एकवचनी. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन ही नऊ वेगवेगळी बक्षिसं नाहीत, एकाच घडातले मणी आहेत. कर्म करता येतं. फळ धरावं लागतं, आणि धरण्यासाठी माळ्याला वर्षभर राबावं लागतं.

हे राबणं कसं असतं, याचा सगळ्यात बारीक अभ्यास चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंनी केला. त्यांतला एवाग्रियस ३९९ मध्ये वारला. त्यानं साधकाला छळणारे आठ विचार नोंदवले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, एक विचित्र कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरीनं याच यादीवरून सात महापापं बसवली, पण जी मजा एवाग्रियसच्या कंटाळ्यात आहे ती सातांत नाही. हा विचार भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा बाहेर डोकावतो, जेवायची वेळ झाली का, कुणी भेटायला येतंय का. मग वाटतं ही जागाच वाईट, सोबतीही वाईट, दुसरीकडे गेलो असतो तर किती बरं झालं असतं. त्या साधूच्या हातात मोबाइल नव्हता, एवढाच काय तो फरक! एवाग्रियसचा सल्ला अगदीच रूक्ष आहे: खोलीतून उठू नकोस.

यादीचा क्रमही बघण्यासारखा आहे. कीर्तीची हाव आणि गर्व शेवटी येतात, कारण ते प्रगती झालेल्यालाच गाठतात. खादाडपणा जिंकला की तो जिंकल्याचा अभिमान हजर. आध्यात्मिक वाढीत सगळ्यात धोक्याची जागा पायथ्याशी नसते, बरंच चढून गेल्यावर असते.

जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलानं सोळाव्या शतकात याला रोजची सवय केली. दिवसाचा आढावा घ्यायचा, पण सुरुवात चुकांपासून नाही, आभारापासून. आज काय मिळालं ते आधी, मग प्रकाश मागायचा, मग दिवस उलगडून पाहायचा, कुठे मन देवाकडे गेलं, कुठे कोरडं पडलं, मग क्षमा, मग उद्या. स्टीफन्स याच संघाचा, म्हणजे ओव्या लिहिणारा हा पाद्रीही दिवसाचा असा हिशेब लावत असणार. अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं हे काम एकट्यावर सोडलं नाही. मेथडिस्टांचे साधारण बाराबारा जणांचे गट आठवड्याला भेटत आणि एकमेकांना विचारत, तुझ्या जिवाचं कसं चाललंय? गोव्याच्या कोकणीत ज्याला ‘कुमसार’ म्हणतात, ते पाद्र्याजवळचं पापनिवेदनही याच गरजेतून आलेलं आहे. आपलं वाकलेपण आपल्याला दिसत नाही, पाठ दुसऱ्यालाच दिसते.

या आयुष्यात माणूस किती पुढे जाऊ शकतो, यावर एकमत नाही. लूथर म्हणतो, एकाच वेळी नीतिमान आणि पापी, शेवटच्या श्वासापर्यंत. वेस्लीला वाटत होतं की प्रीतीनं माणूस याच जन्मात पूर्ण भरून जाऊ शकतो. ऑर्थोडॉक्स परंपरा याहून मोठं बोलते: देव माणूस झाला तो माणसानं देवासारखं व्हावं म्हणून. हे ऐकून ‘अहं ब्रह्मास्मि’ आठवेल, पण जुने धर्मपिते लोहाराच्या भट्टीचं उदाहरण देतात. लोखंड विस्तवात लाल होतं, विस्तवासारखं चटकाही देतं, पण लोखंडच राहतं. आणि पूर्वेकडच्या अथनासियस या बिशपनं चौथ्या शतकात लाकडी फळीवर रंगवलेल्या चित्राची उपमा दिली होती. चित्र डागांनी पुसलं गेलं तरी फळी फेकत नाहीत. ज्याचं चित्र होतं त्याला पुन्हा समोर बसवून त्याच फळीवर ते रंगवतात. कॅथलिक आणि लूथरन यांनी नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावर सोळाव्या शतकात एकमेकांना शाप दिले होते, ते १९९९ मध्ये आउग्सबुर्गला संयुक्त निवेदनावर सह्या करून बऱ्याच अंशी मिटवले.

हा सगळा विचार शिकवणाऱ्या चर्चचं स्वतःचं काय? गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा छडा लावून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं. माणूस स्वतःतच वाकलेला असतो हे ज्यांनी शिकवायचं, त्यांनी दुसऱ्यांच्या घरातली तुळस आणि जानवी शोधत फिरावं, याला काय म्हणायचं? बाप्तिस्मा घेतल्यावरही बामण आणि चारडो (आधीचे ब्राह्मण आणि क्षत्रिय) हे जातींचे भेद चर्चच्या बंधुसंघांत टिकून राहिले. महाराष्ट्रातही आधीची जात कोणती, हे ख्रिस्ती सोयरीक जुळवताना हळूच विचारलं जातं. मूळ पापाचा सिद्धान्त पटवायला ऑगस्टिनच्या पेअरची गरज नाही, चर्चचा इतिहास पुरतो. उलट लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. पती ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्या दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, पण सोवळंओवळं आणि जातीचा विटाळ मनातून गेला तो त्याच्या आधी. फळ आधी, विधी नंतर. धर्मशास्त्राच्या पुस्तकात हा क्रम बसवणं कठीण जाईल.

कॅथलिक पंचांगात उपवासकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारानं होते. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात धरून होसान्नाचा जयघोष केला, त्याच वाळवून जाळतात आणि त्यांची राख कपाळाला लावतात. लावताना पाद्री दोनपैकी एक वाक्य म्हणतो. एक: तू माती आहेस आणि मातीला परत जाशील. दुसरं: पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये त्या सकाळी गेलात तर रांगेत पहिल्यांदाच आलेली पोरं दिसतील, आणि काठी टेकत आलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या ऐंशीच्या घरातल्या आज्याही. राख दोघांनाही त्याच वाटीतून लावतात.